विभव एकमेव कधी ठरतो? गेज निवडण्याची, बदलण्याची आणि तपासण्याची पद्धत

विद्युतचुंबकीची दोन पुस्तके उघडून एकाच चुंबकीय क्षेत्राचा सदिश विभव शोधला, तर दोन वेगळी उत्तरे सापडू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. बी.एस्सी.च्या तिसऱ्या किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हा विषय समोर येतो. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र संगणकावर सोडवणाऱ्यांना तोच विषय ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ (म्हणजे समीकरणांतून एकमेव उत्तर निघत नाही) अशा एरर मेसेजच्या रूपात भेटतो.

गेज म्हणजे एकाच क्षेत्राच्या अनेक विभवांतून निवड करण्यासाठी लावलेली अट; सदिश विभवाचा डायव्हर्जन्स शून्य ठेवणे हा कूलोंब गेज. नवख्यांचा सर्वांत मोठा घोटाळा एकाच वाक्यात असतो: ‘कूलोंब गेज लावला, म्हणजे विभव एकमेव झाला.’ हे खरे नाही. विभव एकमेव ठरायला तीन गोष्टी लागतात: गेजची अट, सीमेवरची अट, आणि प्रदेशाला आरपार भोक आहे की नाही याची नोंद. यातली एक सुटली तरी उत्तर मोकळे राहते. खालच्या पायऱ्या या तीन गोष्टींभोवतीच रचल्या आहेत. हाताशी कागद-पेन्सिल ठेवा. ग्रेडियंट, कर्ल आणि डायव्हर्जन्स काढता येत असले की पुरे.

चिन्हे अशी: विद्युत क्षेत्र ई, चुंबकीय क्षेत्र बी, अदिश विभव फाय, सदिश विभव ए, गेज बदलणारे फल लॅम्डा, काळ टी, प्रकाशाचा वेग सी, आणि अक्ष एक्स, वाय, झेड.

पायरी १: स्वातंत्र्य कुठून येते ते एकदा स्वतः लिहून काढा

मॅक्सवेलच्या चार समीकरणांपैकी दोनांत प्रभार किंवा विद्युतधारा येत नाही. बी चा डायव्हर्जन्स शून्य असतो. आणि ई चा कर्ल म्हणजे बी च्या बदलाचा दर, उलट चिन्हाने. ही दोन समीकरणे आपोआप पाळली जावीत म्हणून आपण लिहितो:

बी = ∇ × ए
ई = −∇फाय − ∂ए/∂टी

ग्रेडियंटचा कर्ल नेहमी शून्य असतो. म्हणून ए मध्ये कुठल्याही फलाचा ग्रेडियंट मिसळला तरी बी ला धक्का लागत नाही. पण ई मध्ये ए चा काल-अवकलज बसलेला आहे, तेव्हा फाय मध्येही भरपाई करावी लागते:

ए′ = ए + ∇लॅम्डा
फाय′ = फाय − ∂लॅम्डा/∂टी

ही जोडी आहे, ती जोडीनेच बदलायची. परीक्षेच्या पेपरात सर्वांत जास्त गुण इथेच जातात: ए बदलला जातो, फाय तसाच राहतो, आणि लॅम्डामध्ये काळ असेल तर ई चुकते. काही पुस्तके दोन्ही चिन्हे उलटी घेतात. त्याने बिघडत नाही, फक्त एकाच गणितात दोन पुस्तकांची चिन्हे मिसळू नका.

एककांची तपासणी इथेच करून टाका. ए चे एकक वेबर प्रति मीटर, फाय चे व्होल्ट, आणि लॅम्डाचे वेबर, म्हणजेच व्होल्ट-सेकंद. तुमच्या लॅम्डाचे एकक वेबर येत नसेल तर पुढे जाऊ नका.

हात बसायला एक छोटे गणित. एक्स दिशेला एकसमान, स्थिर विद्युत क्षेत्र ई आहे. नेहमीचे विभव: फाय = −ई·एक्स, ए = ०. आता लॅम्डा = −ई·एक्स·टी घ्या. नवा सदिश विभव एक्स दिशेला −ई·टी येतो आणि नवा अदिश विभव शून्य. क्षेत्र तेच आहे, पण पहिल्या वर्णनात सगळे फाय मध्ये होते आणि दुसऱ्यात सगळे ए मध्ये गेले. स्थिर क्षेत्राचा विभव काळाबरोबर वाढतो आहे हे डोळ्यांना खटकते, पण मोजता येणारी एकही गोष्ट बदललेली नाही.

पायरी २: आधी स्थिर विद्युत विभव पक्का करा

काळाबरोबर काही बदलत नसेल तेव्हा फाय मध्ये फक्त एका स्थिरांकाचे स्वातंत्र्य उरते. हा स्थिरांक कसा जातो ते सीमेवर ठरते.

सीमेवर सगळीकडे फाय ची किंमत दिली असेल (डिरिक्ले अट), तर उत्तर एकमेव. सिद्धता दोन ओळींची आहे आणि ती पाठ न करता समजून घ्यावी, कारण पुढे हीच युक्ती सदिश विभवाला लागते. दोन उत्तरे आहेत असे धरा आणि त्यांच्या फरकाला यू म्हणा. यू चा लॅप्लेशियन शून्य. मग संपूर्ण प्रदेशावर ∇यू च्या वर्गाचे समाकलन म्हणजे सीमेवर ‘यू गुणिले यू चा लंब दिशेचा अवकलज’ याचे समाकलन. सीमेवर यू शून्य, म्हणून ते शून्य. वर्गाचे समाकलन शून्य म्हणजे ∇यू सगळीकडे शून्य, म्हणजे यू स्थिर. आणि सीमेवर शून्य असल्याने आतही शून्य.

सीमेवर लंब दिशेचा अवकलज दिला असेल (नॉयमान अट), तर याच युक्तिवादाने यू स्थिर येतो, पण तो शून्य असलाच पाहिजे असे नाही. क्षेत्र एकमेव, विभव मात्र स्थिरांकाइतका मोकळा. शिवाय नॉयमान अट मनाला येईल ती देता येत नाही: सीमेतून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स आतल्या प्रभाराशी गाऊसच्या नियमाने जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर उत्तरच नाही, आणि संगणक ते स्पष्ट न सांगता भलत्याच मोठ्या संख्या छापत बसतो.

मधे एखादा तरंगता सुवाहक असेल, म्हणजे त्याचा विभव माहीत नाही पण त्यावरचा एकूण प्रभार माहीत आहे, तरी चालते. सुवाहकावर फाय सगळीकडे सारखा असणे आणि एकूण प्रभार ठाऊक असणे या दोन गोष्टी मिळून एकमेवपणा देतात.

सर्किट सिम्युलेटर वापरणाऱ्यांनी हेच वेगळ्या वेशात पाहिलेले असते. ग्राउंड नोड न जोडता सर्किट चालवले की मॅट्रिक्स सिंग्युलर होते, कारण सर्व नोडच्या विभवांत एकच संख्या मिळवली तरी प्रत्येक समीकरण तसेच टिकते. ग्राउंड जोडणे म्हणजेच गेज ठरवणे. ग्राउंड आहे तरी एरर येतो आहे असे झाले, तर ओळीने जोडलेल्या दोन कॅपॅसिटरांमधला नोड पाहा. एकदिश प्रवाहाच्या दृष्टीने त्याला जमिनीकडे वाटच नसते, म्हणून त्याचा विभव मोकळा राहतो. तिथून ग्राउंडला १ गिगाओहमचा रोध जोडा. सर्वसाधारण सर्किटाच्या वागण्यावर परिणाम होत नाही आणि मॅट्रिक्स सुटते.

पायरी ३: एकसमान चुंबकीय क्षेत्राचे तीन विभव शेजारी शेजारी मांडा

इथे वेळ द्या. झेड दिशेला एकसमान क्षेत्र आहे, किंमत बी. सदिश विभवाचे तीन पर्याय:

पहिला: ए = (−बी·वाय, ०, ०)
दुसरा: ए = (०, बी·एक्स, ०)
तिसरा: ए = (−बी·वाय/२, बी·एक्स/२, ०)

तिघांचाही कर्ल काढा. झेड घटक म्हणजे ‘ए च्या वाय घटकाचा एक्सने अवकलज’ वजा ‘एक्स घटकाचा वायने अवकलज’. प्रत्येक वेळी बी च येतो. पहिल्यातून दुसऱ्यात जायला लॅम्डा = बी·एक्स·वाय; पहिल्यातून तिसऱ्यात जायला त्याच्या निम्मा.

आता तिघांचाही डायव्हर्जन्स काढा. तिन्ही वेळा शून्य. म्हणजे हे तिन्ही विभव कूलोंब गेजमध्येच आहेत! कूलोंब अट लावूनही तीन वेगळी उत्तरे (खरे तर अनंत) शिल्लक राहिली. कारण बी·एक्स·वाय या फलाचा लॅप्लेशियन शून्य आहे, आणि ज्याचा लॅप्लेशियन शून्य आहे असा कुठलाही लॅम्डा कूलोंब अटीला हात लावत नाही. याला उरलेले गेज स्वातंत्र्य म्हणतात. विभव अनंतावर शून्याकडे जातो अशी अट असती तर असा लॅम्डा फक्त स्थिरांक उरला असता आणि ए एकमेव झाला असता. पण एकसमान क्षेत्र अनंतापर्यंत पसरले आहे असे धरल्यावर ती अट लावायला जागाच राहत नाही.

मग खरा कोणता? हे क्षेत्र कोणत्या विद्युतधारेने तयार केले ते विचारा. लांब गोल नालकुंतलाच्या (सोलेनॉइडच्या, म्हणजे तारेच्या लांब वेटोळ्याच्या) आत क्षेत्र असेल, तर धारा गोल फिरते आणि अनंतावर विरणारा विभवही गोल फिरतो: आत तिसरा पर्याय मिळतो, ज्याची किंमत बी·आर/२ आहे (आर म्हणजे अक्षापासूनचे अंतर). उलट, एक्स-झेड प्रतलाला समांतर अशा दोन रुंद पत्र्यांतून एक्स दिशेला परस्परविरुद्ध धारा वाहत असतील, तर त्यांच्यामधला विभव धारेला समांतर राहतो आणि पहिला पर्याय नैसर्गिकपणे येतो. मधल्या जागेतले क्षेत्र दोन्ही रचनांत तेच, पण सीमा वेगळ्या म्हणून विभव वेगळा. ‘गेजच्या अटीने विभव ठरतो’ हा समज सोडवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

गणिताच्या सोयीसाठी मात्र सीमेची वाट पाहावी लागत नाही. पट्टीच्या आकाराच्या नमुन्यात इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढायची असेल तर पहिला किंवा दुसरा घ्या. त्यांना लँडाऊ गेज म्हणतात आणि त्यात एका दिशेचा संवेग अक्षय्य राहतो. गोल चकती असेल तर तिसरा, म्हणजे सममित गेज घ्या.

पायरी ४: गेज निवडा आणि त्यात जा

स्थिर किंवा हळू बदलणाऱ्या क्षेत्रांना कूलोंब गेज सोयीचा: ए चा डायव्हर्जन्स शून्य. त्यात फाय साठी साधे पॉयसाँचे समीकरण उरते. त्या समीकरणात उशीर नाही. प्रभार हलला की फाय सर्वत्र त्याच क्षणी बदलतो. याने गडबडून जाऊ नका. फाय मोजता येत नाही, मोजता येते ती ई. आणि ए मधला भाग फाय मधल्या त्या तात्काळ बदलाला बरोबर खोडतो, त्यामुळे ई प्रकाशाच्या वेगानेच पोहोचते. फक्त फाय पाहून ‘माहिती प्रकाशापेक्षा वेगाने गेली’ असा निष्कर्ष काढणे ही ठरलेली चूक आहे.

प्रारण, अँटेना, सापेक्षता यांसाठी लोरेंझ गेज घ्या: ए चा डायव्हर्जन्स अधिक (१/सी²) गुणिले फाय चा काल-अवकलज, बरोबर शून्य. त्यात फाय आणि ए दोघांनाही सारखेच तरंग समीकरण मिळते. ही अट डेन्मार्कच्या लुडविग लोरेंझ यांनी १८६७ मध्ये मांडली. बलाच्या सूत्रामुळे प्रसिद्ध असलेले हेंड्रिक लोरेंट्झ हे नेदरलँड्सचे, ते वेगळे. जुन्या पुस्तकांत या अटीला सर्रास दुसऱ्याचे नाव दिलेले आढळते.

तिसरा पर्याय म्हणजे फाय शून्य करून टाकणे, कालिक गेज. पायरी १ मधले गणित त्याचेच होते. फाय शून्य आणि ए चा डायव्हर्जन्सही शून्य अशा दोन्ही अटी एकदम लावायचा मोह होतो. त्या एकत्र लागल्या तर ई चा डायव्हर्जन्स शून्य होतो, म्हणजे प्रदेशात कुठेच प्रभार नसावा लागतो. मोकळ्या जागेतल्या प्रकाशलहरीला हे चालते, प्रभार असलेल्या प्रदेशाला चालत नाही.

हातात असलेला ए कूलोंब गेजमध्ये न्यायचा असेल तर हे समीकरण सोडवा:

∇²लॅम्डा = −∇·ए

उदाहरणार्थ ए = (−बी·वाय + के·एक्स, ०, ०), यात के हा स्थिरांक. डायव्हर्जन्स के आहे, म्हणून लॅम्डाचा लॅप्लेशियन −के हवा. लॅम्डा = −के·एक्स²/२ घेतला तर पायरी ३ मधला पहिला पर्याय मिळतो. पण लॅम्डा = −के·(एक्स² + वाय²)/४ यानेही लॅप्लेशियन −के च येतो, आणि त्यातून मिळणारा (−बी·वाय + के·एक्स/२, −के·वाय/२, ०) हाही कूलोंब गेजमधलाच विभव आहे. दोन्हींचा कर्ल काढून बघा. वर्गात दोन मुलांची दोन उत्तरे येतात आणि दोघांपैकी कोणीच चुकलेले नसते, ते असे.

पायरी ५: सीमेवरची अट लिहा, आणि ती पुरेशी आहे का ते तपासा

मर्यादित प्रदेश घ्या, ज्याला आरपार भोक नाही आणि ज्याची सीमा एकसंध आहे. आत कर्ल माहीत, डायव्हर्जन्स शून्य. यावर सीमेची कोणती अट लावायची?

पहिला मार्ग: सीमेवर ए चा लंब घटक शून्य ठेवा. दोन उत्तरांचा फरक ∇लॅम्डा असेल, तर लॅम्डाचा लॅप्लेशियन शून्य आणि सीमेवर लंब अवकलज शून्य. पायरी २ च्या युक्तीने लॅम्डा स्थिर, म्हणून ∇लॅम्डा शून्य आणि ए एकमेव. लॅम्डामधला स्थिरांक इथे त्रास देत नाही, कारण आपल्याला लागतो तो त्याचा ग्रेडियंट.

दुसरा मार्ग: सीमेला समांतर घटक शून्य ठेवा. ही अट नीट ओळखा. तिचा अर्थ ‘सीमेतून बी चा लंब घटक बाहेर जात नाही’ असा होतो, म्हणजे ती नुसती गेजची सोय नसून क्षेत्रावरचे विधान आहे. बी खरोखर सीमा ओलांडत असेल तिथे ही अट लावली तर उत्तर एकमेव येईल, पण चुकीचे येईल.

दुसऱ्या मार्गात आणखी एक खाच आहे. प्रदेश पोकळ गोळ्याच्या कवचासारखा असेल, म्हणजे सीमेचे दोन वेगळे तुकडे असतील, तर लॅम्डा प्रत्येक तुकड्यावर स्थिर असूनही दोन तुकड्यांवर वेगळ्या किमतींचा असू शकतो. मग ए पुन्हा मोकळा. त्यावर उपाय म्हणजे आतल्या पृष्ठभागातून जाणारा ए चा एकूण फ्लक्सही शून्य आहे अशी जादा अट लिहिणे.

पायरी ६: भोक आहे का? मग फेरीचे समाकलन मोजा

लांब नालकुंतल घ्या: त्रिज्या २ सेंटिमीटर, दर मीटरला १००० वेढे, धारा १ अँपिअर. आतले क्षेत्र १.२६ मिलिटेस्ला. काटछेदातून जाणारा फ्लक्स १.५८ मायक्रोवेबर. बाहेर क्षेत्र जवळपास शून्य, पण विभव शून्य नाही: फेरीभोवती ए चे समाकलन आतल्या फ्लक्सएवढे असावे लागते, म्हणून अक्षापासून ५ सेंटिमीटरवर ए ची किंमत १.५८ मायक्रोवेबर भागिले ०.३१४ मीटर, म्हणजे सुमारे ५.०३ मायक्रोवेबर प्रति मीटर.

बाहेर कर्ल शून्य आहे, मग हा ए एखाद्या लॅम्डाचा ग्रेडियंट समजून पुसून टाकता येईल का? प्रयत्न केला तर लॅम्डा कोनाच्या प्रमाणात येतो, आणि एक पूर्ण फेरी मारून त्याच बिंदूवर परतल्यावर त्याची किंमत १.५८ मायक्रोवेबरने वेगळी निघते. एका बिंदूवर दोन किमती असणारे फल गेज बदलायला चालत नाही. म्हणून हा विभव पुसता येत नाही. फेरीचे समाकलन कुठल्याही गेजमध्ये तेवढेच राहते. प्रदेशाला जितकी भोके, तितकी फेरीची समाकलने वेगळी द्यावी लागतात. ती दिली की पायरी ५ चा एकमेवपणा परत मिळतो.

हे समाकलन निव्वळ हिशेबातली गोष्ट नाही. याकिर अहारोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी १९५९ मध्ये दाखवले की क्षेत्र नसलेल्या जागेतून नालकुंतलाच्या दोन बाजूंनी गेलेल्या इलेक्ट्रॉन-लहरींच्या फेजमध्ये आतल्या फ्लक्सप्रमाणे फरक पडतो. १९६० मध्ये चेंबर्स यांनी प्रयोग केला. क्षेत्र थोडे बाहेर गळत असेल ही शंका पुढे बरीच वर्षे राहिली. १९८६ मध्ये जपानमध्ये आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी कडीच्या आकाराचा सूक्ष्म चुंबक अतिवाहकाने झाकून ती दूर केली. फेजचा एक पूर्ण फेरा व्हायला ४.१४ फेम्टोवेबर फ्लक्स पुरतो. वरच्या साध्या नालकुंतलात त्याच्या सुमारे ३८ कोटी पट फ्लक्स आहे.

पुंज यांत्रिकीत गेज बदलताना तिसरी गोष्टही बदलावी लागते: तरंगफलाची फेज, प्रभार गुणिले लॅम्डा भागिले लघुकृत प्लांक स्थिरांक एवढी. ती विसरली की ऊर्जेच्या पातळ्या गेजवर अवलंबून असल्यासारख्या दिसू लागतात.

पायरी ७: बदलत्या क्षेत्रात ‘दोन बिंदूंमधला व्होल्टेज’ म्हणताना थांबा

नालकुंतलाभोवती तारेचे गोल कडे घ्या. डाव्या अर्ध्यात १०० ओहमचा रोध, उजव्या अर्ध्यात ९०० ओहमचा. दोन्ही अर्धी जिथे मिळतात ते बिंदू प आणि फ, कड्याच्या समोरासमोरच्या टोकांवर. फ्लक्स अशा दराने बदलतो आहे की फेरीत १ व्होल्ट प्रेरित होतो. धारा १ मिलिअँपिअर.

आता प आणि फ या त्याच दोन बिंदूंना दोन व्होल्टमीटर जोडा, एकाच्या तारा डावीकडून आणि दुसऱ्याच्या उजवीकडून, दोघांचीही लाल पिन प ला. डावीकडचा ०.१ व्होल्ट दाखवेल, उजवीकडचा ०.९ व्होल्ट, आणि चिन्हे उलटी असतील. मीटर बिघडलेले नाहीत. मीटर आपल्या तारांच्या मार्गावरचे ई चे समाकलन दाखवतो, आणि दोन मार्गांच्या मधे बदलता फ्लक्स असल्यामुळे दोन समाकलनांत १ व्होल्टचा फरक असायलाच हवा.

मग प आणि फ मधला ‘खरा’ विभवांतर किती? कूलोंब गेजमध्ये हिशेब करा. कड्याची स्वतःची अत्यल्प धारा सोडून दिली तर ए गोलाकार सममित आहे, म्हणून प्रत्येक अर्ध्यात त्याच्या बदलाचा वाटा ०.५ व्होल्ट. डाव्या अर्ध्यात एकूण ०.१ व्होल्ट हवा, त्यातले ०.५ ए देतो, म्हणून फाय चा वाटा −०.४. उजवीकडे ०.९ पैकी ०.५ ए देतो, राहिलेला ०.४ फाय चा. दोन्हीकडून मेळ बसतो: फाय मधला फरक ०.४ व्होल्ट, आणि तो या दोनांपैकी कुठलाच मीटर दाखवत नाही. कालिक गेजमध्ये हाच फरक शून्य. म्हणून बदलत्या क्षेत्रात व्होल्टेज सांगताना मार्ग सांगा. प्रत्यक्ष मोजताना ट्रान्सफॉर्मरजवळ मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे त्यांच्यामधले क्षेत्रफळ आणि त्यातून जाणारा फ्लक्स नगण्य राहतो.

पायरी ८: संगणकावर सोडवताना

द्विमित गणितात सुख आहे. धारा झेड दिशेला आणि कशातही झेडप्रमाणे बदल नाही, तर ए ला फक्त झेड घटक लागतो, त्याचा डायव्हर्जन्स आपोआप शून्य, आणि उरतो एकच स्थिरांक. तो घालवायला बाहेरच्या सीमेवर ए शून्य ठेवा, आणि ही सीमा यंत्राच्या त्रिज्येच्या निदान पाचपट दूर घ्या. जवळ आणली की फ्लक्स कोंडला जातो आणि इंडक्टन्स चुकतो. दोन बिंदूंवरच्या ए मधला फरक म्हणजे त्यांच्यामधून जाणारा फ्लक्स, दर मीटर खोलीमागे. अक्षसममित गणितात मात्र फ्लक्स म्हणजे २ पाय गुणिले आर गुणिले ए, आणि अक्षावर ए शून्यच हवा.

त्रिमितीत खरे काम आहे. मेशच्या (प्रदेशाचे लहान तुकडे पाडणाऱ्या जाळीच्या) नोडवर ए चे तिन्ही दिशांचे भाग ठेवणारे घटक (एलिमेंट) वापरू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. लोखंड आणि हवा यांच्या सीमेवर ते ए चा लंब घटकही सलग ठेवायला भाग पाडतात, आणि पारगम्यतेची उडी मोठी असेल तिथे, विशेषतः कोपऱ्यांजवळ, बी चुकते. १९८० मध्ये जाँ-क्लोद नेदेलेक यांनी मांडलेले कडा-घटक वापरा. त्यांत प्रत्येक कडेवर ए चे समाकलन हेच अज्ञात असते आणि समांतर घटक तेवढा सलग राहतो.

कडा-घटकांत गेज लावला नाही तर मॅट्रिक्स सिंग्युलर असते. भोक नसलेल्या, एकसंध सीमेच्या प्रदेशात सीमेवर समांतर ए शून्य ठेवला, तर मोकळ्या दिशा आतल्या नोडच्या संख्येइतक्या असतात, कारण प्रत्येक आतल्या नोडवर एक लॅम्डा मनाप्रमाणे ठेवता येतो. यावर दोन उपाय चालतात. पहिला, मेशच्या कडांतून सर्व नोडना जोडणारे पण कुठेही फेरी न बनवणारे झाड निवडा आणि त्या कडांवर ए शून्य करा. थेट सॉल्व्हरला हे लागतेच, नाहीतर शून्य पिव्हटवर तो थांबतो. प्रदेशाला भोक असेल तर भोकाभोवतीच्या फेरीचा फ्लक्स वेगळा द्या. तो राहून गेला की पायरी ६ मधली चूक गुपचूप आत शिरते.

दुसरा, गेज न लावता संयुग्मी ग्रेडियंट पद्धत (उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारत नेणारी) चालवा. मोठ्या मेशवर हाच मार्ग बहुधा वेगवान ठरतो. अट एकच: उजव्या बाजूची धारा मेशवरही तंतोतंत डायव्हर्जन्स-मुक्त हवी. कागदावर ती तशी असली तरी गोल वेटोळे चतुष्फलकी तुकड्यांत बसवताना थोडी गळती होतेच. लक्षण ओळखीचे आहे: अवशेष (समीकरणांत उरलेली चूक) भराभर खाली येतो, मग एका पातळीवर अडकतो किंवा पुन्हा चढू लागतो. अशा वेळी सहनशीलता (चालणाऱ्या चुकीची मर्यादा) सैल करून उत्तर ओढून काढू नका. धारा एखाद्या सदिशाचा कर्ल म्हणून लिहा आणि उजवी बाजू त्यावरून तयार करा. अवशेष सरळ खाली उतरतो.

शेवटची तपासणी नेहमी गेज-निरपेक्ष राशींची. तेच मॉडेल झाडाच्या गेजने एकदा आणि गेजशिवाय एकदा चालवा. दोन्ही वेळच्या ए चे चित्र वेगळे दिसेल. झाडाच्या गेजमध्ये तर ते ओबडधोबड, एका कडेवरून दुसरीकडे उड्या मारणारे दिसते, आणि तसे दिसणे बरोबर आहे. जुळवायच्या त्या बी च्या किमती, साठलेली चुंबकीय ऊर्जा, आणि ठरवलेल्या एका बंद फेरीवरचे ए चे समाकलन. ऊर्जा जुळली पण फेरीचे समाकलन जुळले नाही, तर आधी ती फेरी कुठल्या भोकाला वळसा घालते ते पाहा.